‘आमच्याकडे असलं होत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

महाड-पोलादपूरकडे एक वाक्य मोठ्या अभिमानाने ऐकवलं जातं. विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्येची बातमी टीव्हीवर आली, की लग्नाच्या मांडवात, ग्रामपंचायतीच्या पायरीवर किंवा मुंबईच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसलेल्यांत कोणीतरी म्हणतंच, “कोकणातला माणूस जीव देत नाही.” भात पिकलं तर पिकलं, नाही तर मुंबईचा पगार आहे, कर्जाच्या वाटेला जायचं नाही, आहे त्यात भागवायचं, हे त्यामागचं गणित. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपल्या मुलखाचा चिवटपणा त्याला सांगायचा असतो. तरीही हे वाक्य खोडून काढलं पाहिजे. कारण ऐकणाऱ्यांत एखादा असाही बसलेला असू शकतो, ज्याच्या मनात तोच विचार कित्येक दिवस ये-जा करतो आहे. त्याला या वाक्यातून एवढंच कळतं, की खोट आपल्यातच आहे आणि हे कोणाला सांगायची सोय नाही.

हा समज आला कुठून, ते आधी बघू. महाराष्ट्रात आत्महत्या म्हटलं की शेतकरी, नापिकी आणि कर्ज एवढंच डोळ्यांपुढे येतं. सरकारी दप्तरालाही तेवढंच दिसतं. २३ जानेवारी २००६च्या शासन निर्णयानुसार शेतकऱ्याच्या अशा मृत्यूची चौकशी होते. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा ही कारणं तपासली जातात आणि प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. पात्र-अपात्रच्या या याद्या वर्षानुवर्षं छापून येत आहेत. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, पीककर्ज कमी आणि घर चालतं ते चाकरमान्याच्या पैशावर. म्हणून त्या यादीत कोकण फारसं झळकत नाही. यादीत नाव नाही म्हणजे गावात दुःख नाही, असा अर्थ लोकांनी काढला, आणि तो चुकीचा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२चा अहवाल पाहिला तर चित्र पार बदलतं. त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९०, म्हणजे शेकडा साडेसहाच्या आसपास. बाकीचे कोण होते? सर्वांत मोठा गट रोजंदारीवर जगणाऱ्यांचा. जीव दिलेल्या बायकांत निम्म्याहून अधिक गृहिणी. विद्यार्थी १३,०४४. कारणांत घरगुती प्रश्न पहिल्या क्रमांकावर आणि आजारपण दुसऱ्या. महाराष्ट्राचा आकडा २२,७४६, देशातल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. घरातली भांडणं, लांबलेलं आजारपण, हातावर पोट, नवरा मुंबईत आणि बाई गावी सासूसासऱ्यांबरोबर, दहावी-बारावीचा निकाल: यातली कुठली गोष्ट पोलादपूर तालुक्यात नाही? महाड एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या पोराला कोकणातला आहे म्हणून यातलं काही चुकतं का?

हे झाले मृत्यूचे आकडे. विचारांचे आकडे याहून कितीतरी मोठे आहेत, आणि खरा धीर त्यांतच आहे. मॅथ्यू नॉक या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७ देशांतल्या सुमारे ८५ हजार प्रौढांना विचारलेल्या प्रश्नांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचा विचार गांभीर्याने आला होता, असं सांगणारे शेकडा ९.२ निघाले. प्रत्यक्ष प्रयत्न केलेले शेकडा २.७. ही त्या १७ देशांची सरासरी आहे. पण ती ढोबळमानाने लावली तरी महाडहून सुटणाऱ्या चव्वेचाळीस सीटच्या एसटीत असे चार प्रवासी निघतील. त्यांतल्या बहुतेकांनी कधीही स्वतःला इजा केलेली नसेल. ते तिकीट काढतात, खिडकीशी बसतात, उतरून कामाला लागतात. विचार येतो, काही काळ राहतो, मागे सरतो, कोणाकोणाला पुन्हा येतो. लाखो माणसं त्याच्यासकट जगतात, संसार करतात, म्हातारी होतात. विचार येणं आणि तसं वागणं यांत फार मोठं अंतर आहे. घाबरलेल्या घराला नेमकं तेच दिसत नाही.

घर घाबरतं म्हणजे काय होतं, ते जरा जवळून बघावं. गौरी-गणपती होऊन चाकरमानी परत गेलेले असतात. घरात दोन म्हातारी आणि एक सून. जेवणं आटोपल्यावर सून भांडी घासता घासता एवढंच बोलते, “आई, जगावंसं नाय वाटत आताशा.” सासूच्या हातातलं भांडं तिथेच राहतं. पुढचं वाक्य कोकणातल्याच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात ठरलेलं आहे: “माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, असलं परत तोंडातून काढायचं नाही.” सासूने हे मायेपोटीच म्हटलेलं असतं. पण शपथेने बंद होतं ते सुनेचं तोंड. मनातला विचार होता तिथेच राहतो. भर पडते ती एका भीतीची: आपण बोललो तर ही माणसं घाबरतात. त्या दिवसापासून ती कामाला जास्त लागते, जास्त हसते, आणि घर म्हणतं, चला, निवळली.

या शपथेमागे एक जुनी समजूत आहे. विषय काढला की डोक्यात भरतं. ज्याच्या मनात नव्हतं त्याच्याही मनात येतं. ही समजूत इतकी पक्की आहे, की मुलाच्या वागण्याने काळजीत पडलेले शिक्षकही थेट प्रश्न विचारायला धजत नाहीत.

ती तपासून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर मॅडलिन गूल्ड यांनी एक प्रयोग केला. काहींच्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयी सरळ प्रश्न होते, काहींच्या नव्हते. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हा प्रश्न विचारलेल्या मुलांत तसे विचार वाढलेले आढळले नाहीत. उलट, आधीपासून निराश असलेल्या मुलांचा त्रास किंचित कमीच दिसला. हा अभ्यास २००५ सालचा. पुढे २०१४ साली अशा १३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि निष्कर्ष तोच निघाला: विचारल्याने विचार वाढत नाही.

महाडकरांना हे पटवायला न्यूयॉर्कपर्यंत जायचीही गरज नाही. २००५च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २०२१च्या २२ जुलैला तळिये गेलं, आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे. आता डोंगराला भेग दिसली, झाडं कलली, झऱ्याला अचानक गढूळ पाणी आलं, की लोक ते एकमेकांना सांगतात, तलाठ्याला फोन करतात, वाडी खाली करायची तयारी ठेवतात. दरडीचं नाव काढलं म्हणून डोंगर खाली आला, असं तिथलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. भेग दिसूनही गप्प बसणाऱ्याला मात्र गाव माफ करत नाही. डोंगराच्या बाबतीत जे शहाणपण एवढी किंमत मोजून आलं, ते माणसाच्या बाबतीत वापरायला हरकत कसली?

गप्प राहा म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक खरी गोष्ट सांगता येते, आणि ती मान्य करायला हवी. बातम्यांचा परिणाम होतो. एखाद्या नटाच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी दिवसरात्र तेच दळण दळलं, जागा दाखवली, रीत सांगितली, चिठ्ठी वाचली, की आधीच कडेला उभ्या असलेल्या माणसांना धोका वाढतो. म्हणूनच भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ साली अशा बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पण याच विषयावरचं दुसरं संशोधन गप्प बसवणाऱ्यांच्या विरोधात जातं. ऑस्ट्रियात थॉमस निडरक्रोटेंथालर यांनी शेकडो बातम्या तपासल्या आणि २०१० साली निष्कर्ष मांडला: मनात असा विचार येऊनही ज्याने त्यातून वाट काढली, अशा माणसाविषयीच्या बातम्यांनंतर आत्महत्या घटलेल्या दिसल्या. थोडक्यात, मरणाची वर्णनं आवरावीत आणि तगून राहिलेल्यांचं बोलणं वाढवावं. गावात होतं ते नेमकं उलट. गेलेल्याची कहाणी पाण्यावर, पारावर, व्हॉट्सॲपवर बारीकसारीक तपशिलासह फिरते आणि तगलेल्याला गप्प बसवलं जातं.

दुसरा आक्षेप पहिल्याच्या अगदी उलटा, पण तोच माणूस दोन्ही बोलतो. “जो बोलतो तो करत नाही. भीती घालायची म्हणून म्हणतात.” हे धोक्याचं आहे. जीव दिलेल्यांपैकी अनेकांनी त्याआधी कोणाला ना कोणाला काहीतरी सुचवलेलं असतं. कधी सरळ शब्दांत, कधी आडून: माझ्यामागे पोरांकडे बघा, माझं आता काय राहिलंय, झोपलो की उठूच नये असं वाटतं. बोलणारा करत नाही, असं ठरवून टाकलं की हे शब्द ऐकू येऊनही कानाआड जातात. शंभरात नव्वद वेळा पुढे काही घडणार नाही असं गृहीत धरलं, तरी त्या नव्वदांचं दुःख खरंच असतं. मरणाची भाषा करण्याइतकं दुःख झालेल्या माणसाला “नाटकं करतो” म्हणणं हे कुठल्याही हिशेबाने शहाणपण ठरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत ताठ मानेने केला जातो. हा भित्रेपणा आहे, पळपुटेपणा आहे. आणि त्याला पुरावा म्हणून याच दोन तालुक्यांचा इतिहास पुढे केला जातो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या गेल्या, तरी महाड उभं राहिलं. २०१८ साली आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली. २०२० साली महाडात तारिक गार्डन ही इमारत पडली. पुढल्याच वर्षी पूर आला आणि तळिये गेलं. एवढं सोसून इथली माणसं जगली, मग यांना काय धाड भरली?

माणसं जगली, हे खरं. पण रात्री दोनला जाग आल्यावर त्यांच्या मनात काय येतं, हे कोणी विचारलं आहे? घराचा पंचनामा झाला, भांड्याकुंड्यांचा झाला, गुरांचा झाला. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, असा रकाना पंचनाम्यात नसतो. सगळं घर डोळ्यांदेखत गेल्यावर “मी एकटाच का राहिलो” हा प्रश्न ज्याला पडतो, तो भित्रा नसतो. तो रोज सकाळी उठतो आहे आणि त्या प्रश्नासह दिवस काढतो आहे. त्याचा चिवटपणा त्याच दिवस काढण्यात आहे.

आणि भित्रेपणाच म्हणायचा, तर साने गुरुजींना तसं म्हणायची कोणाची छाती आहे? कशेडी घाट उतरून गेलं की खेडच्या पलीकडे दापोली तालुक्यातलं पालगड, हे त्यांचं गाव. तुरुंगवास भोगलेला हा माणूस. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसलेला. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपलं आयुष्य संपवलं, तेव्हा त्यांनी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाला दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्या मृत्यूचं कारण एका ओळीत सांगण्याचा आगाऊपणा करू नये, आणि त्याला थोरपणाचा रंगही देऊ नये. ती महाराष्ट्राची हानीच होती. पण एक गोष्ट त्यातून निर्विवाद दिसते. धैर्य, प्रेम, ध्येय, माणसांचा गोतावळा हे सगळं असूनही मनावर अशी वेळ येऊ शकते. मग ज्याच्याकडे यातलं थोडंच आहे त्याला हिणवून काय साधणार?

चौथा आक्षेप पोलिसांच्या भीतीचा. “केस होईल.” रात्री-अपरात्री माणसाला ग्रामीण रुग्णालयात आणलं जातं, डॉक्टर विचारतात काय झालं, आणि सोबतचे तिघे एका सुरात सांगतात, “चुकून झालं, साहेब.” केसपेपरवर ‘चुकून’ लिहिलं जातं. शरीरावर उपचार होतात, तिसऱ्या दिवशी घरी सोडतात, आणि मनाबद्दल कोणी एक शब्द विचारत नाही, कारण कागदावर मनाचा काही संबंधच उरलेला नसतो.

या भीतीला एके काळी आधार होता. जुन्या दंड संहितेचं कलम ३०९ आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानत असे. ते कलम पहिल्यांदा हादरवणाऱ्या खटल्यांतला एक महाराष्ट्रातलाच आहे. मुंबई पोलिसांतले शिपाई मारुती श्रीपती दुबळ यांना अपघातात डोक्याला मार बसला आणि त्यातून मानसिक आजार जडला. पुढे त्यांनी महापालिका आयुक्तांच्या कार्यालयापाशी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि त्यांच्यावरच खटला उभा राहिला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. जगणं असह्य झालेल्या माणसाला दवाखान्याची गरज आहे, कोठडीची नाही, हा त्या निकालाचा रोख होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तेच म्हटलं, पण १९९६ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निर्णय फिरवला आणि कलम पुन्हा उभं राहिलं.

आज परिस्थिती वेगळी आहे, आणि ती वाडीवाडीवर माहीत व्हायला हवी. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८पासून लागू आहे. त्याचं कलम ११५ सांगतं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर कलम ३०९ घेतलेलंच नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न, एवढाच प्रकार तिथे कलम २२६मध्ये उरला आहे. रुग्णालय अजूनही पोलिसांना कळवतं, जबाब होतो. पण जबाब होणं म्हणजे गुन्हा लागणं नाही. त्यामुळे डॉक्टरला खरं सांगणाऱ्या घराचं काही बिघडत नाही. खोटं सांगितलं, तर रुग्णाचा उपचार मात्र अर्ध्यावर राहतो.

हे सगळं मान्य करणारं घर पुढे दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. कळलं की कडी काढून घ्यायची, फोन काढून घ्यायचा, चोवीस तास पाळत ठेवायची, भगताकडे न्यायचं, नाही तर थेट “ठाण्याच्या मनोरुग्णालयात टाकू” म्हणायचं. ही भीतीचीच दुसरी तऱ्हा. मनात आलेलं बोलल्याबद्दल मिळालेली ही शिक्षा असते, आणि माणूस पुढल्या वेळी बोलत नाही. म्हणून फरक करायला शिकायला हवं. “नको वाटतं सगळं” म्हणणाऱ्याला आधी ऐकून घ्यायचं आणि मग सरळ विचारायचं: “जीव द्यावासा वाटतो का?” हो म्हणाला तर पुढचं: “कसं, कधी, असं काही ठरवलं आहेस का?” ठरलेलं नसेल तर वेळ आहे, बोलत राहायचं, डॉक्टरची वेळ घ्यायची. ठरलेलं असेल, साधन जवळ असेल, माणूस दारूच्या नशेत असेल किंवा आधी एकदा प्रयत्न झालेला असेल, तर त्याला एकटं सोडायचं नाही, धोक्याच्या वस्तू घराबाहेर हलवायच्या आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

ज्याच्या मनात हे विचार वरचेवर येतात, त्यालाही स्वतःसाठी बरंच काही करता येतं. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी यासाठी एक साधा कागद तयार केला. रुग्णालयात तो भरून घ्यायचा आणि घरी गेल्यावर फोनवर विचारपूस करायची, एवढं केल्यावर पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन साधारण ४५ टक्क्यांनी कमी आढळलं. १,६४० रुग्णांचा हा अमेरिकन अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पोलादपूरच्या एखाद्या वाडीत शाळेच्या वहीच्या पानावर तो असा दिसेल. पहिली ओळ, खूण: ‘दोन रात्री झोप नाही, आपल्यावाचून सगळ्यांचं बरं चालेल असं वाटायला लागतं.’ दुसरी, एकट्याने करायचं: ‘ओटीवर येऊन बसायचं, तोंडावर पाणी मारायचं, रेडिओ लावायचा.’ तिसरी, माणसांत जायचं: ‘शेजारच्या काकूंकडे, नाही तर दुकानावर.’ चौथी, कोणाला सांगायचं: ‘मुंबईचा भाऊ, कितीही वाजले असले तरी.’ पाचवी, आशाताईचा आणि डॉक्टरचा नंबर. सहावी: ‘फवारणीचं औषध आपल्या घरात ठेवायचं नाही.’ आणि शेवटी, कोणासाठी आणि कशासाठी थांबायचं, ते. हे लिहायला डॉक्टर किंवा आशाताई सोबत असल्या तर उत्तमच. पण पान घरातल्यांना दाखवता आलं पाहिजे, आणि ते बघून कोणी शपथ घालता कामा नये.

यातली सहावी ओळ फार मोलाची आहे. विचाराचा जोर बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ हाताशी घातक वस्तू नसली तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या दोन दशकांत निम्म्याहून खाली आलं. वाचवलेला माणूस आज ना उद्या तेच करणार, असंही म्हणतात. तेही खोटं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांनी ऐन वेळी मागे खेचलेल्या ५१५ लोकांचा रिचर्ड सायडन यांनी पुढे कित्येक वर्षांनी माग काढला. त्यांतले शेकडा नव्वदहून अधिक लोक जिवंत तरी होते किंवा नैसर्गिक कारणाने गेलेले होते.

आता शेवटचा आणि सर्वांत रास्त आक्षेप. बोललो, पण पुढे काय? जिल्ह्याचं रुग्णालय अलिबागला, महाडहून शंभरेक किलोमीटर. प्रादेशिक मनोरुग्णालय एक ठाण्याला, एक रत्नागिरीला. पोलादपूरच्या खोऱ्यातल्या वाडीतून कुठेही जायचं तर दिवस मोडतो, आणि रोजंदारीवाल्याला दिवस मोडणं परवडत नाही. ही तक्रार खरी आहे आणि तिचं उत्तर सरकारला द्यावंच लागेल. पण मोठं रुग्णालय येईपर्यंत काहीच करता येत नाही, हे मात्र खरं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधलं काम्पिनास, इराणमधलं कराज आणि चीनमधलं युनचेंग अशा पाच ठिकाणी १,८६७ जणांवर एक प्रयोग केला. प्रयत्नातून वाचून रुग्णालयात आलेल्या काहींना नेहमीचे उपचार मिळाले. इतरांशी त्याशिवाय तासभर नीट बोलणं झालं आणि घरी गेल्यावर दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. दीड वर्षाअखेर पहिल्या गटात शेकडा २.२ लोकांनी जीव दिला होता, दुसऱ्या गटात ०.२. यात ना नवं औषध होतं, ना नवी इमारत. नऊ वेळा कोणीतरी “कसं चाललंय” असं विचारलं होतं.

मराठी मुलखातलाच दाखला हवा तर अमरावती जिल्ह्यातला ‘विश्राम’ हा प्रकल्प आहे. तिथल्या ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवलं गेलं, समुपदेशक नेमले गेले, गरज पडेल तेवढ्यांनाच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं गेलं. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ४.३वरून २७.२वर गेलं. गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार आला असं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५वर आले. २०१७ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. जे विदर्भातल्या खेड्यांत जमलं ते महाड-पोलादपुरात न जमण्याचं कारण नाही. आशाताई इथेही आहेत.

आणि एक सोय तर आजच हाताशी आहे. १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू झालेली सरकारी टेलिमानस सेवा: १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं, आणि स्वतःसाठी तसाच घरातल्या दुसऱ्या कोणासाठीही करता येतो. जीव तातडीने धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२. हे आकडे एसटी स्टँडवर, शाळा-कॉलेजच्या भिंतीवर, एमआयडीसीच्या फाटकांवर आणि कीटकनाशकांच्या दुकानांत मोठ्या अक्षरांत रंगवायला किती खर्च येईल?

गावोगावच्या मुंबई मंडळांनी आजवर मंदिरं बांधली, रस्त्यांसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, पुरात ट्रक भरून धान्य पाठवलं. त्याच मंडळांनी आता आरोग्य खात्याकडे दोन मागण्या धराव्यात. महाड आणि पोलादपूर या दोन्ही ठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञाचा आठवड्यातला एक वार कायमचा ठरलेला असावा, म्हणजे त्या दिवशी वाडीवरून निघालेला माणूस रिकाम्या हाताने परत जाणार नाही. आणि प्रयत्नातून वाचून घरी गेलेल्या प्रत्येकाला ते नऊ फोन करण्याचं काम एका परिचारिकेकडे नावानिशी सोपवलेलं असावं. कोणत्या आठवड्यात कोणाला फोन झाला आणि कोणाला राहिला, याची वही वैद्यकीय अधिकाऱ्याने दर महिन्याला तपासावी.